पाठीमागचं क्रियापद

भाच्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली, तेव्हा त्याचा बायोडेटा नजरेखालून घालायचं काम माझ्याकडे आलं. घरात मुद्रितं तपासणारा माणूस असला की लग्नपत्रिका, श्रद्धांजलीच्या जाहिराती आणि बायोडेटे आपसूक त्याच्याच पुढ्यात येऊन पडतात. उंची, रास, गोत्र, अपेक्षा सगळं ठीक होतं. शिक्षणाच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं : बी.कॉम., एम.बी.ए. पर्स्यूइंग.

"पर्स्यूइंग म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे करतोय, मामा."

"मग 'शिकत आहे' लिही की. हे वाचून वाटतं, एम.बी.ए. पुढे पळतंय आणि तू चप्पल हातात घेऊन त्याच्या मागे."

"'शिकत आहे' लिहिलं की शाळकरी वाटतं. सगळे असंच लिहितात."

सगळे लिहितात हे खरं. नोकरीचे अर्ज, विवाहमंडळांचे फॉर्म, व्याख्यानाच्या पत्रिकेवरचा वक्त्याचा परिचय, कुठेही बघा, अर्धवट राहिलेली पदवी 'पर्स्यूइंग'च असते. ही भारतीय इंग्रजीची खोड आहे, साहेब असं लिहीत नाही, हे मी त्याला जरा चढ्या आवाजातच सुनावलं. पुढचे दोन दिवस शब्दकोश चाळले आणि निम्मं बोलणं मागे घ्यावं लागलं. उरलेल्या निम्म्यावर मी अजून ठाम आहे.

इंग्रजीत मागे लागण्याची दोन ठळक क्रियापदं आहेत, 'चेस' आणि 'पर्स्यू'. कोशात एकाचा अर्थ सांगताना दुसरं दिलेलं असतं, त्यामुळे आपण त्यांना जुळी भावंडं समजतो. प्रत्यक्षात त्यांचं गोत्रही एक नाही. 'चेस' जुन्या फ्रेंचमधून आलं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'कापेरे', म्हणजे पकडणं, ताब्यात घेणं, हे क्रियापद आहे. त्याच मुळातून नॉर्मन बोलीच्या वाटेने इंग्रजीला 'कॅच' मिळालं. पाठलाग आणि पकड ही तिथे एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. याच घरातलं तिसरं भावंड 'पर्चेस' : आधी मिळवण्यासाठी मागे लागणं, मग मिळवणं, शेवटी पैसे मोजून घेणं. दिवाळीच्या आधी तुळशीबागेत शिरलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

'पर्स्यू' निघालं ते लॅटिन 'सेक्वी'पासून. मागून जाणं, सोबत चालणं हा त्याचा अर्थ. पुढेपणा दाखवणारा 'प्रो' त्याला लागला, 'प्रोसेक्वी' झालं, फ्रेंच तोंडात शिरून झिजलं आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत नांदू लागलं. 'सिक्वेन्स', 'सिक्वेल', 'कॉन्सिक्वेन्स' ही त्याची भावकी. ही भावकी युरोपातच संपत नाही. सोबत असणं, अनुसरणं या अर्थाचा संस्कृतमधला 'सच्' हा धातू त्याच भारोपीय मुळाचा आहे आणि त्यावरून 'सचिव' झाला : सोबत असणारा. मंत्रालयात फायलीमागे वर्षभर हिंडलेल्या माणसाने हे वाचून हसावं की रडावं, त्याचं त्याने ठरवावं.

एकाच्या पोटात पकड आहे, दुसऱ्याच्या पोटात सोबत. माझा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे. 'पर्स्यू' म्हणजे धावणं नव्हे आणि गाठणंही नव्हे, मध्येच न सोडणं हा त्याचा गाभा आहे. इंग्रजी बोलणारेही हल्ली हे विसरत चालले आहेत. आपण तर ते क्रियापद उसनं घेतानाच 'चेस'च्या कपड्यांत घेतलं.

पुरावा हवा असेल तर आधी कायद्याकडे जावं. कायद्याची भाषा जुने अर्थ लोणच्यासारखे मुरवून ठेवते. स्कॉटलंडच्या दिवाणी न्यायालयात वादीला आजही 'पर्स्यूअर' म्हणतात आणि प्रतिवादीला 'डिफेंडर'. तो पर्स्यूअर कुणामागे धावत नाही. तो तारखेला येतो, पुढची तारीख घेतो, पुन्हा येतो. इंग्रजीतलं 'स्यू' म्हणजे दावा लावणं आणि 'सूट' म्हणजे दावा, हे दोन्ही 'सेक्वी'चेच वंशज. 'सूटर' हा शब्द तर कोर्टात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही लागायचा आणि मुलीच्या बापापुढे उभ्या असलेल्या माणसालाही. दोघांकडे वकिली हवी आणि दोघांकडे चिकाटी.

समुद्राच्या कायद्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कराराचं कलम १११ 'हॉट पर्सूट'बद्दल आहे. परक्या जहाजाने किनारी राष्ट्राच्या हद्दीत कायदा मोडला, तर त्या राष्ट्राचं जहाज त्याच्या मागे खुल्या समुद्रात जाऊ शकतं. अटी मात्र कडक आहेत. पाठलाग आपल्या हद्दीतच सुरू झाला पाहिजे. 'थांबा' हा इशारा समोरच्याला दिसेल किंवा ऐकू येईल इतक्या अंतरावरून दिलेला पाहिजे. आणि पाठलाग मध्ये खंडित होता कामा नये. एकदा खंड पडला की हक्क संपला. पळणारं जहाज स्वतःच्या किंवा तिसऱ्याच देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरलं तरी संपला. सुरू झालेल्या पाठलागात वेग किती, अंतर किती, याला महत्त्व नाही. इशारा विमानाने दिला असेल, तर दुसरं जहाज वा विमान येऊन सूत्रं घेईपर्यंत त्या विमानाने मागे राहायचं, मग सोडायचं.

हे वाचताना मला खो-खो आठवला. आपल्या या खेळात पाठलाग करणारा एकटा कधीच नसतो. आठजण पाटीवर बसलेले, एक धावतो, दमला किंवा दिशा चुकली की बसलेल्याच्या मागे जाऊन खो देतो. एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत फिरता येत नाही. गडी बदलतात, पाठलाग तोच राहतो. जागतिक कायदेपंडितांनी कलम १११ चा मसुदा करताना खो-खो पाहिला नसणार, पण पाहिला असता तर त्यांचे काही परिच्छेद वाचले असते.

आता 'पर्स्यू'च्या सगळ्यात प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात अमेरिकी वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. थॉमस जेफरसनच्या मसुद्यात माणसाचे तीन हक्क येतात : जीवन, स्वातंत्र्य आणि 'पर्सूट ऑफ हॅपिनेस'. त्याआधीच्या शतकात जॉन लॉकने जीवन, स्वातंत्र्य आणि मालमत्ता अशी त्रयी मांडली होती. जेफरसनने मालमत्ता काढली आणि तिच्या जागी सुख ठेवलं. तेही नुसतं सुख ठेवलं नाही, सुखाआधी 'पर्सूट' ठेवलं. नेहमी सांगतात ते असं : राज्य सुख देण्याची हमी घेत नाही, त्यामागे धावण्याची मोकळीक देतं, मिळालं तर तुमचं नशीब.

१९६४ मध्ये इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी (केनेडींचे सल्लागार होते ते धाकटे श्लेसिंजर, हे त्यांचे वडील) एका छोट्या लेखात या समजुतीला सुरुंग लावला. त्यांचं म्हणणं असं की अठराव्या शतकात 'पर्सूट'चा आणखी एक अर्थ चालू होता : एखादी गोष्ट प्रत्यक्ष करत राहणं, आचरणं. वकिली 'पर्स्यू' करणं म्हणजे वकील होण्याची धडपड नव्हे, वकिली करणं. आजही इंग्रजीत वैद्यकी किंवा शेती 'पर्स्यू' केली जाते ती याच अर्थाने. मग जेफरसनने दिला तो सुखामागे धावण्याचा हक्क नव्हे, सुखाने जगण्याचा हक्क.

लेख मला फार आवडला, पण तो पुरता पटला नाही. कारण त्याच वर्षी जूनमध्ये व्हर्जिनियाने आपला हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला होता. जॉर्ज मेसनच्या त्या मसुद्यात सुख 'पर्स्यू' करणं आणि सुख 'मिळवणं' या दोन क्रिया शेजारी शेजारी, वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. 'पर्स्यू'चा अर्थ उपभोगच असेल, तर मिळवणं वेगळं सांगायची गरज नव्हती. मेसनच्या मनात निदान एवढं होतं की मागे जाणं आणि हाती लागणं यांत अंतर आहे. जेफरसनने दुसरी क्रिया वगळली. ती वगळण्यात त्याने सुखाची हमी काढून घेतली की सुखाचं अंतरच काढून टाकलं, यावर वाद घालता येईल. मला तरी वाटतं की त्या शब्दात दोन्ही अर्थ एकमेकांना टेकून उभे होते. अठराव्या शतकातल्या वाचकाला ते वेगळे करावेसे वाटले नसतील. आपण करतो, कारण आपल्या कानात आता 'चेस' वाजत असतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कानात १९६७ मध्येही जुना सूर होता. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांना लग्नाची बंदी करणारा व्हर्जिनियाचाच एक कायदा 'लव्हिंग' खटल्यात रद्द झाला. त्या निकालात विवाहाचा हक्क सुखाच्या सुव्यवस्थित 'पर्सूट'साठी आवश्यक ठरवला आहे. धावपळ कधी सुव्यवस्थित असते का? संसार असू शकतो. नवरा-बायको सुखामागे धावत नाहीत, सुख चालवतात, दुकान चालवावं तसं, कधी उधारीवर.

जपानच्या १९४७ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेत, कलम १३ मध्ये, हीच त्रयी आली. युद्धानंतरचा तो मसुदा अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाताखालून गेला होता, त्यामुळे नवल नाही. गंमत आहे ती भाषांतराची. जपानी 'त्सुइक्यू' या एकाच उच्चाराचे तीन शब्द आहेत. लिहिताना तिघांचं पहिलं चिन्ह तेच, मागे जाण्याचं, आणि दुसरं वेगळं. एकाने ध्येयाच्या मागे जायचं, दुसऱ्याने सत्याच्या मुळाशी, तिसऱ्याने दोषी माणसाला धारेवर धरायचं. इंग्रजीत तिन्हींना 'पर्स्यू' चालतं. जपानी माणूस बोलतो तेव्हा तिन्ही कानाला सारखे लागतात, पण कागदावर लिहायला बसला की त्याला ठरवावं लागतं, हे सुख आहे, सत्य आहे की आरोपी.

मराठीला हा निर्णय त्याहून आधी, तोंड उघडतानाच घ्यावा लागतो. चोराचा पाठलाग. प्रकरणाचा पाठपुरावा. कर्जदाराचा पिच्छा. श्वापदाचा माग. इतिहासाचा मागोवा. ज्ञानाचा व्यासंग. एखाद्या गोष्टीचा ध्यास, एखादीचा नाद. इंग्रजी यातल्या बहुतेकांना एका दावणीला बांधते, मराठी प्रत्येकाला वेगळा गोठा देते. 'व्यासंग' आणि सरकारी पत्रांतलं 'अनुषंगाने' हे दोन शब्द एकाच धातूचे आहेत, 'सञ्ज्', चिकटणं. म्हणजे ज्ञानाच्या बाबतीत आपण धावतही नाही आणि सोबत चालतही नाही, चिकटून बसतो. अभ्यासिकेतल्या खुर्च्यांची अवस्था पाहिली की शब्द किती नेमका आहे ते कळतं.

पण मराठीची खरी खुबी निराळी आहे. यातले नेहमीचे शब्द पाठ दाखवणारे आहेत. पाठलाग, पाठपुरावा, पाठीस लागणं, पिच्छा पुरवणं. पाठ कुणाची? पुढच्याची. मागच्याच्या पाठीशी कुणाला देणंघेणं नाही. इंग्रजी क्रियापद पाठलाग करणाऱ्याच्या बाजूने जग बघतं : त्याचं ध्येय, त्याची चिकाटी, त्याची दिशा. मराठी शब्द ज्याच्या मागे कुणी लागलंय त्याच्या मानेवरून बोलतात. "हा माणूस माझ्या पाठीच लागलाय" हे वाक्य मराठीत तक्रार म्हणूनच जन्माला येतं. 'हात धुऊन मागे लागणं' कुणी स्वतःबद्दल अभिमानाने सांगत नाही. छळ झालेल्याचा हा सूर इंग्रजीला हवा असला की तिला शिकारी कुत्र्यावरून क्रियापद करावं लागतं, नाहीतर दबा धरून येणाऱ्यावरून.

या सुराचा सगळ्यात विलक्षण मराठी शब्द म्हणजे 'ससेमिरा'. वर्तमानपत्रांत तो रोज भेटतो. चौकशीचा ससेमिरा, वसुलीवाल्यांचा ससेमिरा, ईडीचा ससेमिरा. वाचणाऱ्यांतल्या कित्येकांना वाटतं की यात ससा आहे. ससा नाही. सिंहासनबत्तिशीतल्या एका गोष्टीत एक राजपुत्र शिकारीचा पाठलाग करता करता जंगलात एकटा पडतो. वाघ येतो म्हणून झाडावर चढतो, तर तिथे अस्वल बसलेलं. अस्वल त्याला आसरा देतं. राजपुत्र झोपला असताना वाघ अस्वलाला म्हणतो, याला खाली ढकल. ते नकार देतं. मग अस्वल झोपतं, वाघ राजपुत्राला तेच सांगतो आणि राजपुत्र ढकलतो. अस्वल फांदीला धरून वाचतं आणि शाप देतं. राजपुत्र वेडा होतो, तोंडातून चारच अक्षरं निघतात : स, से, मि, रा. पुढे पडद्याआडून कुणी चार श्लोक म्हणतं. प्रत्येक श्लोक यांतल्या एकेका अक्षराने सुरू होतो, आणि एकेका श्लोकागणिक एकेक अक्षर सुटत जातं.

म्हणजे ससेमिरा सुरू होतो एका पाठलागातून, पण मागे लागतो तो बाहेरचा कुणी नाही. राजपुत्राने केलेला द्रोहच त्याच्या जिभेला चिकटला आहे. आपण हा शब्द तपासयंत्रणांना जोडतो, तेव्हा त्यातलं अपराधाचं बीज विसरतो. सोयीचंही असतं ते. ससेमिरा म्हटलं की माणूस आपोआप बिचारा होतो.

उलट दिशेने इंग्रजीने आपल्याला काय दिलं ते क्रिकेटच्या बातम्यांत बघावं. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर भारताने श्रीलंकेविरुद्ध २७५ धावांचं लक्ष्य गाठलं. दुसऱ्या दिवशीच्या मराठी मथळ्यांत 'पाठलाग' होता, आणि अजून प्रत्येक सामन्यात असतो. धावांना पाठ असते का? फलकावरचा आकडा जागचा हलतही नाही. तो कुठे पळतोय म्हणून त्याच्या पाठी लागायचं? मराठीत आकडा गाठतात, ओलांडतात, पार करतात. पण 'चेस'चं शब्दशः भाषांतर आलं आणि रुजलं, आता ते काढायचं म्हटलं तर समालोचक मुके होतील. मी तक्रार करत नाही, फक्त नोंदवतो की त्या एका शब्दापुरती मराठीची पाठ नाहीशी झाली.

हे सगळं पाहिल्यावर 'पर्सूट ऑफ हॅपिनेस' मराठीत कसं आणायचं? 'सुखाचा पाठलाग' म्हटलं तर सुख पाकीटमार होतं. 'सुखाचा शोध' म्हणावं तर ते हरवलेलं असतं, आणि शोधात हक्क कसला? 'सुखप्राप्ती'त जेफरसनने न दिलेलं वचन आपण देऊन बसतो. 'साधना' म्हटलं की फिलाडेल्फियात आश्रम उभा राहतो. मला विचाराल तर मी 'सुखाचा उद्योग' म्हणेन. उद्योग म्हणजे आता आपण कारखाना समजतो, पण आजी "काय उद्योग चाललाय?" असं विचारायची त्यात करत राहणं होतं, खटपट होती, आणि निष्पत्तीची हमी अजिबात नव्हती. संपादक हे कधी छापणार नाहीत हे मला माहीत आहे. नसते उद्योग म्हणतील.

इथवर मराठीची बाजू घेतली. आता तिचं एक उणंही सांगितलं पाहिजे, कारण शब्दांना वेगवेगळे गोठे दिले की जनावरांची जात एकच असल्याचं विसरायला होतं.

ग्रीक भाषेत 'दिओको' हे क्रियापद आहे. पाठलाग करणं, खटला भरणं, छळणं, आणि एखाद्या ध्येयाकडे झेपावणं, सगळं त्यातच. संत पौलाने फिलिप्पीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ते दोन अर्थांनी येतं. सहाव्या ओवीत तो सांगतो की मी ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होतो. बाराव्या आणि चौदाव्या ओवीत सांगतो की आता मी त्या ध्येयाकडे जातो आहे. क्रियापद तेच. ज्या पायांनी तो ख्रिस्ती माणसांच्या मागे लागला होता, त्याच पायांनी तो आता ख्रिस्ताच्या मागे लागला आहे, आणि मूळ भाषेतल्या वाचकाला हे ऐकूच येतं. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलातही छळासाठी 'पर्स्यू'च वापरलं होतं. पुढे इंग्रजीने छळापुरतं 'पर्सिक्यूट' वेगळं काढलं आणि हा धागा तुटला. पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून केडगावात बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापलं गेलं. त्या अध्यायाशी त्या थबकल्या असतील का, असं मला नेहमी वाटतं. बोलीतलं 'मागे लागणं' सोडलं, तर मराठीत छळ आणि ध्यास यांना जोडणारं एकही क्रियापद त्यांच्या हाताशी नव्हतं.

आणि ते नसणं धोक्याचं आहे, कारण ध्यास घेतलेल्या माणसाला आपण छळतोय हे कळत नाही. हिंदी आणि मराठी पडद्यावर नायक नायिकेच्या मागे सायकलवरून, मग स्कूटरवरून, मग गाडीतून गेला आणि त्याला प्रेम म्हटलं गेलं. त्याच्या डोक्यात ध्यास होता, तिच्या पाठीवर पाठलाग. कायद्याला यायला २०१३ साल उजाडलं. भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम घातलं गेलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ७८ वं आहे. स्त्रीने नकोसं असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क साधणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा गुन्हा झाला. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. न सोडणं हा 'पर्स्यू'चा गाभा आहे असं मी वर कौतुकाने म्हणालो. इथे नेमकं न सोडणं हाच गुन्हा आहे. क्रियापदात चांगुलपणा नसतो. समोरच्याने पाठ फिरवली आहे का, एवढंच विचारायचं असतं, आणि ते विचारायला मराठी शब्द भाग पाडतात.

कोण कुणाची पाठ धरतो यात सत्ताही असते. इंग्रजांच्या देशात 'चेस' हा शब्द उमरावांच्या शिकारीच्या रानालाही लागला, स्टॅफर्डशरमधलं कॅनक चेस हे त्याचंच नाव. घोडे, शिकारी कुत्रे, पुढे पळणारा कोल्हा, आणि याला खेळ म्हणायचं. कुत्र्यांनिशी कोल्ह्याची शिकार इंग्लंडात बंद झाली ती २००४ च्या कायद्याने. आपल्याकडे पारध हा ज्यांचा पोटाचा धंदा होता, त्या पारध्यांना त्याच इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हजेऱ्या लागल्या, वस्त्यांना कुंपणं पडली. १९५२ मध्ये ठप्पा कागदावरून पुसला गेला. गावात चोरी झाली की पोलिस आधी कुणाच्या पालावर जातात, हे कागदाला विचारून उपयोग नाही. शिकार करणाऱ्यांचीच शिकार झाली. ती कोणत्या क्रियापदाने सांगायची, 'चेस' की 'पर्स्यू'? खंड न पडता चाललेली आहे, म्हणून 'पर्स्यू'च म्हणावं लागेल.

माझा स्वतःचा 'पर्स्यू'शी सगळ्यात जवळचा संबंध आला तो वडील गेल्यावर, आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कार्यालयाचं नाव घातलं तरी पुढचं वाक्य तसंच राहील. चौदा महिने. पहिला अर्ज, आवक क्रमांक, स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने' आलेलं उत्तर, त्यात मागितलेला दाखला, तो दिल्यावर पुन्हा तोच दाखला. मी एकदाही धावलो नाही. रांगेत उभा राहिलो, बाकावर बसलो, लिपिकाची बदली झाल्यावर नव्या लिपिकाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी आजारी पडलो तेव्हा बहीण गेली, खो दिल्यासारखी. एका भेटीत खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पाठपुरावा करत राहा, काका. फाइल मरत नाही, माणूस कंटाळतो."

'पर्स्यू'चं इतकं अचूक भाषांतर मी कुठल्या कोशात पाहिलेलं नाही. पाठपुराव्यात पकड नाही, वेग नाही, थरार तर नाहीच. फायलीची पाठ धरून राहायचं. कलम १११ सारखंच, मध्ये खंड पडला की पुन्हा आवक क्रमांकापासून सुरुवात. सरकारी मराठीला आपण नावं ठेवतो, पण तिने हा शब्द जपला. भाषणांत मात्र तरुणांना 'स्वप्नांचा पाठलाग करा' असं सांगितलं जातं, म्हणजे स्वप्न पळतंय आणि तुम्ही दमताय. स्वप्नांचा पाठपुरावा करा, असं कुणी म्हणत नाही. टाळ्या पडणार नाहीत.

तर भाच्याला मी काय म्हणालो? एम.बी.ए. करत राहणं, वकिली करत राहणं या जुन्या अर्थाने त्याचं 'पर्स्यूइंग' चुकीचं नव्हतंच. साहेब विसरत चाललेला अर्थ आपल्या बायोडेट्यांनी नकळत सांभाळला होता. एवढं मी मान्य केलं. पण त्याला तो शब्द त्या अर्थासाठी हवा नव्हता. 'शिकतोय'मध्ये आपण अजून कच्चे आहोत ही कबुली असते, आणि ती लपवायला त्याने तो घेतला होता. माझा आक्षेप तिथे होता आणि अजूनही आहे. माणूस शिकतोय यात लाजण्यासारखं काय आहे, हे मी त्याला तीन वेळा विचारलं. त्याने तीन वेळा मोबाइलकडे पाहिलं. बायोडेटा जसा होता तसाच गेला.

पंधरा दिवसांनी एका मुलीच्या वडिलांचा ताईला फोन आला. पत्रिका जुळत होती, फोटो आवडला होता. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "वहिनी, ते शिक्षणाचं पर्स्यूइंग लिहिलंय, म्हणजे पास झालाय, की मध्येच सुटलंय?"

ताई म्हणाली, "झालेला नाही अजून. पण सोडलेलं नाही हो."